पान पाचवरची रिकामी जागा

फोन बंद पडला नसता तर ती तळघरात गेलीच नसती…

तिसऱ्या मजल्यावर बसून साप्ताहिकाची पानं लावायची, म्हणजे मजकूर, फोटो, जाहिराती सगळं एकेका पानात ठाकठीक बसवायचं, हे तिचं काम. हात इतका नेमका की तिच्या पानावर मुंगीलाही उभं राहायला जागा मिळायची नाही. तिला त्याचा तोरा होता. असायचाच. ज्याला काम येतं त्यानं मान खाली घालून का चालावं?

पण त्या बुधवारी एक जाहिरातदार ऐनवेळी फिरला आणि पान पाचवर बोटभर जागा पांढरी राहिली. असं झालं की तळघरातल्या कात्रणखोलीला फोन लावायचा, मग तिथून एखादी नवलाची माहिती यायची आणि चौकट भरायची. आज फोन मुका. ती तणतणत जिना उतरली.

खोलीला एकच खिडकी होती, तीही रस्त्याच्या पातळीवर. बाहेर भुरभुर पाऊस, आणि काचेतून नुसते पाय दिसत होते. ओले बूट, घाईच्या चपला, एक कुत्रं. टेबलाशी कात्रणवाला उभा, बोटांना डिंक, केस विस्कटलेले.

"तुमच्या कोपराला हत्ती चिकटलाय," ती म्हणाली.

त्यानं हात वळवून पाहिला. बाहीला खरंच हत्तीचं कात्रण होतं.

"सकाळपासून शोधतोय याला."

"हत्ती हरवतो तुमच्याकडे?"

"मागे देवमासा हरवला होता. डिंकाच्या डब्याखाली सापडला." तो हसला. हसताना एकच गाल आत जात होता… आणि तिनं उगाच खिडकीकडे पाहिलं. "किती ओळी हव्यात?"

"सात."

"प्राणी, इतिहास, की माणसांचा वेडेपणा?"

"जे सातात बसेल ते."

"मग ऑक्टोपस घ्या. त्याला तीन हृदयं असतात."

"तीन? करतो काय तो त्यांचं?"

"दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी अंगासाठी. पोहायला लागला की हे शेवटचं थांबतं. म्हणून त्याला सरपटणंच बरं वाटतं."

"आळशी आहे, असं सरळ सांगा की."

"सात ओळींत तेवढं बसणार नाही," तो म्हणाला आणि कागद पुढे केला.

वर येऊन तिनं मोजलं. आठ ओळी. पुन्हा खाली गेली, एक ओळ कापून आणली. पुढच्या आठवड्यात जाहिरातदार आलाच नाही, तेव्हाही आठ. हजारो कात्रणं तारीखवार लावणाऱ्या माणसाला सातपर्यंत मोजता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? ती तर मुळीच नाही. पण तिनं विचारलं नाही. फक्त दुसऱ्यांदा उतरण्याआधी वेणी नीट करायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात जाहिरातदार परत आला. पान भरलं, गच्च. मुंगीची सोय नाही. ती पानाकडे बघत बसली… मग तिनं पट्टी उचलली, वाचकांच्या पत्रांतलं सगळ्यात लांबलचक पत्र निवडलं आणि त्याच्या शेवटच्या सात ओळी उडवल्या.

"आज पुन्हा जागा?" कात्रणवाल्यानं विचारलं.

"लोक लिहीतच नाहीत हल्ली," ती म्हणाली. तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. प्रेमात पडलेली बाई खोटं बोलायला कुणाकडे शिकायला जात नाही.

त्या दिवशी गोगलगाय मिळाली. एका संग्रहालयात मेलेली समजून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. चार वर्षांनी कुणीतरी कोमट पाण्यात घातली, तर चालायला लागली.

"चार वर्षं गप्प बसली?" ती म्हणाली.

"कुणी विचारलंच नाही तिला."

"विचारायची वाट बघत बसणारे असतात काही."

"असतात," तो म्हणाला आणि डिंकाचं झाकण लावत राहिला, लागलं होतं तरी.

पुढे फुलपाखरू आलं, पायांनी चव घेणारं. मग पाऊण तासाच्या आत संपलेलं युद्ध. ते वाचून घरी तिची आत्या म्हणाली, "एवढ्यात संपलं? मी आणि तुझी आई भाजी निवडायला बसलो तरी याहून जास्त चालतं."

आत्याचं शिक्षण बेताचं. साप्ताहिकातली चौकट तेवढी ती बोट ठेवून वाचायची. एकदा चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "काय गं, आधी सहा महिन्यांतून एकदा ही चौकट यायची. आता दर आठवड्याला. जगात एवढं नवल अचानक कुठून वाढलं?"

"मला काय माहीत?"

"पान तू लावतेस आणि माहीत मला असणार?" आत्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

अशी अकरा पत्रं कापली गेली.

मग एका सोमवारी संपादकांनी दोघांना बोलावलं. समोर ताजे अंक पान पाचवर उघडून पसरलेले.

"इथे दर आठवड्याला जागा उरते," संपादक म्हणाले. "मजकूर कमी पडतोय. मी ती जागा वर्षभरासाठी गादीवाल्याच्या जाहिरातीला देतोय. चौकट बंद. आणि चौकट नाही तर कात्रणखोलीला रोज माणूस कशाला? तुम्ही पहिल्या तारखेपासून नदीपलीकडच्या गोदामात जा."

कात्रणवाला "बरं" म्हणाला. एवढंच. पण हातातला कागद त्यानं चार वेळा घडी करून पुन्हा उलगडला.

ती गप्प राहिली असती तर तिचं काहीच बिघडत नव्हतं. नऊ वर्षांचं नाव, नवीन मुलींना दाखवायची तिची पानं, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त हा माणूस नदीपलीकडे गेला असता.

"जागा उरत नाही," ती म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"मी केली. पत्रं कापून. अकरा पत्रं." मान ताठ होती. "मजकूर कधीच कमी पडला नव्हता. कसर माझ्यात होती."

संपादकांनी चष्मा काढला. "तू? तुझ्यापुढे मी स्वल्पविराम हलवायला घाबरतो, आणि तू लोकांची पत्रं कापलीस? कशासाठी?"

तिनं टेबलावरचे अंक सरळ केले. कात्रणवाला तिच्याकडे बघत होता. घडीचा कागद हातातून खाली पडला तरी त्याला कळलं नाही.

संपादकांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. म्हातारा माणूस, पन्नास वर्षं बातम्या वाचलेला. त्याला अजून काय फोडून सांगायचं?

"अकराही जणांना तुझ्या हातानं माफीचं पत्र," ते म्हणाले. "आजच. कारणासकट. पत्रं पुढच्या अंकांत पूर्ण छापायची. गादीवाल्याला मागचं पान देतो. चौकट राहू दे, तिच्यासाठी माझ्या अग्रलेखातल्या सात ओळी काढ. नाहीतरी तो मी आणि प्रूफवाला दोघंच वाचतो. आणि पुन्हा असं केलंस तर गोदामात तू जाशील."

मूळ पत्रं कात्रणखोलीत होती, तेव्हा लिहायला तिथेच बसावं लागलं. तो पत्ते वाचत होता, ती लिहीत होती. खिडकीतून आज ऊन येत होतं. चार पत्रं झाली. पाचवं लिहून होताच त्यानं उचलून वाचलं.

"'पान लावताना नजरचूक झाली.' सगळ्यांना हेच लिहिलंत?"

"मग?"

"हे खरं नाही. खोटी माहिती या खोलीतून बाहेर जात नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पाचही पत्रं फाडली, नवा कागद ओढला, आणि एका दमात लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं वाचलं. 'आपल्या पत्राच्या सात ओळी मी मुद्दाम कापल्या. तळघरात एक गृहस्थ बसतात, त्यांना भेटायला मला निमित्त हवं होतं. आपला विचार अर्धवट छापला गेला याचं वाईट वाटतं. त्यांना भेटले याचं वाटत नाही.'

जगातल्या एकूण एक जनावराबद्दल सांगायला ज्याच्याकडे काहीतरी असायचं, त्याला स्वतःबद्दल एक वाक्य जुळवता येईना. शेवटी त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"हे पाठवायचं आहे," ती म्हणाली.

"त्यांना दुसरं लिहा. हे माझं."

"माझा हात दुखतोय."

"मग मी लिहितो. फक्त…" तो अडखळला, "'तळघरातल्या गृहस्थांनाही हेच हवं होतं' एवढं त्यात घातलं तर चालेल?"

तिनं मान खाली घातली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "घाला," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं, तिनं सह्या केल्या. शेवटचं पाकीट बंद करताना तो म्हणाला, "अकरा घरांत कळणार हे आता."

"कळू दे."

"तुमच्या घरी?"

"तिथे पत्र चालत नाही," ती उठत म्हणाली. "तिथे आत्या आहे. तुम्हाला स्वतः यावं लागेल… आणि येताना हाताचा डिंक धुऊन या."