फडक्याची आतली बाजू

समुद्रपूरच्या दवाखान्याची जीप किसनराव रोज सकाळी सातला पुसत. तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत कंबर गेली होती, पण पुसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही हा नेम. १९८२च्या मार्चमध्ये एका सकाळी बॉनेटवर राखेचा थर दिसला. शेजारच्या सायकलवर, ओट्यावर, लिंबाच्या पानांवर कणही नव्हता.

“कोणाच्या चुलीत लावून आले जी गाडी?” कंपाउंडर डोमाजी हसला.

किसनरावांनी चिंधीनं राख पुसली. काचेवर ओरखडे उमटले.

मग रोजच राख. ताडपत्री घातली, तर ताडपत्रीखाली राख. आठवड्यात जीप गिरडच्या चढावर धापा टाकू लागली. तालुक्यात बाळंतिणींना वर्ध्याला नेणारी ही एकच गाडी. गिरडला दिलेली त्यांची लेक कोकिळा दिवस भरत आलेली होती. तिचं पहिलं लेकरू बैलबंडीत, वाटेतच गेलं होतं.

विश्रामगृहात एक भूगर्भवाले साहेब उतरले होते. किसनरावांनी पुडीत नेलेली राख त्यांनी भिंगाखाली धरली.

“ही चुलीतली नाही. काचेचा चुरा आहे हा. ज्वालामुखीची राख.”

“इकडं कुठं जी ज्वालामुखी?”

“तुमची काळी जमीन त्याचीच. पण तो विझून साडेसहा कोटी वर्षं झाली.” साहेबांनी राखेची पुडी परत केली, हात धुतले. “कोरडी पुसू नका, पाण्यानं धुवा. एअर फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधा. स्वतःच्याही.”

घरी बायकोनं, भागीरथाबाईंनी, जुन्या हिरव्या लुगड्याचे दोन तुकडे फाडून दिले. संध्याकाळी किसनरावांनी फिल्टरचं फडकं सोडलं. बाहेरून हिरवंगार. आतून करडं.

“उलटं बांधलं असन,” डोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही फडक्यांच्या बाहेरच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका घातला. संध्याकाळी फिल्टरच्या फडक्याची टाक्याची बाजू स्वच्छ होती. राख आतूनच. इंजिन हवा आत ओढतं, बाहेर फेकत नाही, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. त्यांनी फडकं धुतलं आणि कोणाला सांगितलं नाही. तोंडाचं फडकं घरी भागीरथाबाई धूत. हल्ली त्या ते वेगळ्या बादलीत भिजवत. काऊन, हे विचारायचंही त्राण किसनरावांच्यात नसे.

गिरडहून निरोप आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

कोकिळा जीपमध्ये मागे आडवी झाली. “बाबा, पोचतो ना जी आपण?”

“पोचतो, माय. पडून राह्यजो.”

जामच्या पुढे इंजिन खोकलं आणि बंद पडलं. किसनरावांनी बॉनेट उघडलं, फडकं सोडलं, डब्यातल्या पाण्यात खळबळलं, पिळून पुन्हा बांधलं. मागे कोकिळा कण्हत होती. चौथ्या झटक्याला इंजिन लागलं.

वर्ध्याला पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

किसनराव बाकावर टेकले. तोंडावरचं फडकं त्यांनी सोडलं, घाम पुसायला उघडलं.

लाल टाक्याची बाजू स्वच्छ होती.

आतल्या बाजूला, नाकातोंडाच्या जागी, ओल्या राखेचा जाड थर.

“घ्या, आजोबा.” नर्सनं बाळ पुढे केलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तोंडावर हात दाबला आणि श्वास रोखून धरला.

बाळ शिंकलं. नर्सनं कापसानं त्याचं नाक टिपलं, आणि तो कापूस खिडकीच्या उजेडात धरला.