राखेतला दोर

पेड

टेबलावर राख. राखेत वितळून पुन्हा घट्ट झालेला प्लास्टिकचा काळा गोळा. त्या गोळ्यातून बाहेर आलेला वीतभर दोर मात्र शाबूत होता, कारण तो तांब्याचा होता.

फौजदार शरयू वाकली. बुलढाण्यातल्या या घरातून आगीचा फोन आला होता. ती पोचेपर्यंत आग विझली होती. जळाला होता एक रणगाडा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा.

घर निवृत्त चित्रकला शिक्षक सुधाकर सरांचं. रणगाडा त्यांनी आणि दातांची डॉक्टर हीना हिने मिळून केला होता. हीना त्यांची जुनी विद्यार्थिनी. सांगाडा आणि रंग सरांचा, धातूचं काम तिचं. सकाळी दवाखान्याआधी ती शेवटचा हात फिरवायला आली होती. सर भाजी आणायला गेले, मागून ती गेली, आणि सर परतले तेव्हा खोलीत धूर.

टेबलाच्या कडेला तिचा स्पिरिटचा दिवा आडवा पडलेला होता. झाकण खाली जमिनीवर.

"दोर पाहा मॅडम," सर म्हणाले. "हीनाच्या हातचा. तेवढाच राह्यला."

शरयूने दोर उचलून उभा धरला. पेड खाली उजवीकडून वर डावीकडे चढत गेलेले. तिने तो पिशवीत घातला आणि खोलीवरून नजर फिरवली. पडदा टेबलाच्या अगदी जवळ होता, तरी त्याला धग लागली नव्हती, कारण तो वर गुंडाळून बांधलेला होता. सरांचे बारीक ब्रश शेजारच्या खोलीत, पेल्यात उभे. फळीवर एक जुनं ड्रिल. बाकी फळीवर धूळ, ड्रिलवर नाही. त्याच्या जबड्यात केसाएवढी तांब्याची तार चमकत होती. ड्रिलला एकच खटका. दाबला की फिरतं, एवढंच.

पायरीवर केसरबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा संघर्ष सैन्यात होता, फसलेले रणगाडे दोराने ओढून काढणाऱ्या, रणगाड्याच्याच घडणीच्या गाडीवर. सरावात अपघात झाला, तो परतला नाही. हा रणगाडा म्हणजे त्याचीच गाडी, आणि ती उद्या केसरबाईंच्या घरी जायची होती. त्या रडत नव्हत्या. हीना धावत आली तेव्हा त्या तिला एकच वाक्य बोलल्या होत्या, आणि ते गल्लीने ऐकलं होतं.

"बाई, तुले साधा दिवा इझवता आला नाही?"

पेड

दवाखान्यात पेशंट नव्हते. हीनाने सगळ्यांना परत पाठवलं होतं.

दिवा विझवला होता?

"रोज विझवते."

आज?

"आठवत नाही मॅडम. झाकण ठेवलं असं वाटते. मग वाटते, ते कालचं असेल."

घाईत होतात?

"जराशी. सर म्हणे, मी बाजारातून येतो, तू जातानी दार लोटून घे."

रणगाडा तेव्हा कुठे होता?

"टेबलावरच. दोर बसवला, पाह्यलं, निघाली."

मग ती जे बोलली ते तिला कुणी विचारलं नव्हतं. "मी लोकांच्या तोंडात सुई घालते. आज दिवा विसरली असन, तर उद्या कोणाच्या हिरडीत काय विसरन? दवाखाना उघडाचा का नाही, ते मले सांगा. आगीचं मग पाहू."

शरयू म्हणाली, तो दोर कसा करता ते दाखवा.

हीनाने वायरीचं आवरण सोलून आतल्या केसासारख्या तारा काढल्या. एक मधे, बाकीच्या भोवती. एक टोक मेजावरच्या पकडीत आवळलं, दुसरं बॅटरीवरच्या ड्रिलच्या जबड्यात. मग ड्रिलवरची कळ मागे सारली आणि ते उलटं फिरवलं.

"उलटं का?" शरयूने विचारलं.

"सरळ फिरवलं की पीळ डावा पडते. संघर्षच्या गाडीचा फोटो पाह्यला आम्ही, त्यात पीळ उजवा." तिने बोटाने हवेत रेघ ओढली, खाली डावीकडून वर उजवीकडे. "दाताचा ठसा उलटा निघते, तशातलीच गोष्ट. माह्याकडून असं चुकत नाही."

वळलेली दोरी तिने दवाखान्यातल्या दुसऱ्या स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून फिरवली. तार तापली की तिचा ताठा जातो, मग दोर खऱ्यासारखा आपल्याच वजनाने लोंबतो. काम झालं आणि हीना बोलत असतानाच तिच्या डाव्या हाताने दिव्यावर झाकण ठेवून तो विझवला. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

शरयूने ते पाहिलं. पण सवय म्हणजे पुरावा नव्हे.

सरांना हे कसं वळतात ते येतं का, असं तिने जाता जाता विचारलं. हीना हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच. सरांना तयार दोर लागतो, म्हणाली. त्यांनी माझं ड्रिल कधी हातात धरलं नाही. आणि हो, पहिला सांगाडा गोंदाने वाकडा झाला होता, तो सरांनीच कुठेतरी ठेवून दिला.

(वाचणाऱ्याने हवं तर इथे थांबावं. शरयूपाशी जे आहे, ते सगळं त्याच्यापाशीही आहे.)

पीळ

सरांनी चहा पुढे केला. शरयूने कप बाजूला सारून दोन दोर टेबलावर ठेवले. एक काळा, एक लाल.

"सर, आगीत तांबं मऊ पडतं, काळं पडतं. पण त्याचा पीळ बदलत नाही."

सर दोरांवर वाकले.

"हा लाल हीनाने माझ्यासमोर वळला. उजवा पीळ. राखेतला डावा. म्हणजे तो हीनाच्या हातचा नाही. आणि तिने तर आज सकाळी स्वतःचा दोर रणगाड्यावर बसवला होता. मग जळाला तो खरा रणगाडा नाहीच."

"दुसरा कुठून येईल?"

"वाकडा झालेला पहिला सांगाडा होता ना तुमच्याकडे? बाहेरच्या चोराने रणगाडा नेला असता, तर त्याला राखेत दोर ठेवायची गरज नव्हती. दोर त्यानंच ठेवला, ज्याला ठाऊक होतं की हीनाचं तांबं आगीत उरतं आणि राखेत ते दिसलं पाहिजे. फक्त ती ड्रिल उलटं फिरवते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या फळीवरचं ड्रिल उलटं फिरतच नाही. त्याच्या जबड्यात अजून तार आहे."

सरांनी फळीकडे बघायचं टाळलं.

"ब्रश आधीच हलवले. पडदा आधीच बांधला. दिवा आडवा पाडला. आणि मी आल्या आल्या मला दोर दाखवला तो तुम्हीच."

सरांनी हात टेबलावर ठेवले. बोटं थरथरत होती. ती थांबावीत म्हणून त्यांनी एक हात दुसऱ्याखाली दाबला.

"आता रेघ सरळ येत नाही," ते म्हणाले. "हा शेवटला. द्याची वेळ आली अन् द्यावासा वाटला नाही. केसरबाईले 'नाही' म्हणणार कोणत्या तोंडानं? जळाला म्हटलं की कोणी मागत नाही."

"आणि हीना?"

"मले वाटलं, लोक म्हणतील, चूक झाली पोरीची. चूक तर कोणाकडूनही होते."

"तिनं दवाखाना बंद केला, सर."

हे त्यांना माहीत नव्हतं. ते उठले, माळ्यावरून एक डबा काढला, त्यातला कापूस बाजूला केला. रणगाडा निघाला, धुळीच्या रंगाचा, आणि त्याच्या कुशीवर लोंबणारा दोर. उजव्या पिळाचा.

शरयूने हीनाला फोन लावला आणि सरांच्या हातात दिला. खोटी तक्रार, आग लावणं, त्याचं काय ते ठाण्यात होणारच होतं. हे आधी.

सरांनी सगळं सांगितलं, मधे न थांबता.

"म्हणजे मी दिवा विझवला होता?"

"झाकण ठेवलं होतंस. तू गेल्यावर मी काढलं."

"पुन्हा सांगा."

"तू विझवला होतास, हीना."

"हे केसरबाईसमोर म्हणा. गल्लीत. लोकं असतानी."

सरांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"म्हणतो," ते म्हणाले, आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.