अगदी शांत घर

तो जिन्यात अचानक समोर आला आणि मी चक्क भाडेकराराच्या फायलीमागे तोंड लपवलं. पंचविशीतली घोडी मी, पण लपले!

"तक्रार तुमच्याकडेच द्यायची ना?" त्याने विचारलं. डोळे लाल, केसांत सिमेंटची धूळ... तरी हसला मेला!

हा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, तेही घरीच. घर बघायला आला तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "इथे शांतता असेल ना?" आणि मी, मालकांची लाडकी लेक, तोंड भरून म्हणाले होते, "अगदी!" त्याच सकाळी ठेकेदार वरच्या मजल्याची मापं घेऊन गेला होता. आता तीन आठवडे तिथे फरशा फुटत होत्या.

तक्रार मी खालच्या ऑफिसात येऊन वाचली. बाबांच्या नावे होती. शेवटी लिहिलं होतं, 'कृपया तुमच्या मुलीला रागावू नका. त्यांना या कामाची कल्पना असती, तर त्यांनी मला नक्की सांगितलं असतं.'

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

तशीच वर गेले. त्याने दार उघडलं. वर ड्रिल सुरू होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

"मला माहीत होतं! कामाचं!" मी किंचाळले, आणि नेमकं ड्रिल थांबलं. अख्ख्या जिन्याने ऐकलं असणार. माझे कान तापले.

त्याचं हसू मावळलं. "म्हणजे... भाड्यासाठी?"

"भाड्याला आणखी चौघे तयार होते." मान वर करवेना. "तुम्ही दुसरीकडे घर घेतलं असतं ना... मग परत कुठे दिसला असता?"

त्याने केसांतली धूळ झटकली. मला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर मुळीच रडायचं नव्हतं.

"घर मी सोडणार," शेवटी तो म्हणाला. "इथे माझं काम होत नाही."

"हो... करार मी रद्द करून देते. बाबांनाही खरं काय ते सांगते."

"आणि नवं घर बघायला माझ्याबरोबर यायचं. त्यात काय वाईट आहे, ते सगळं आधी सांगायचं. जमेल?"

मी कशीबशी मान वर केली.

"त्यातलं एक आत्ताच सांगते," मी पुटपुटले. "ते माझ्यापासून लांब असेल."