सरदाराच्या ओठावरची आग

"हलू नकोस गं! सरदाराची मिशी वाकडी झाली, तर सगळं सैन्य खिदळेल!"

ढब्बूने जांभळं पेन उगारलं तशी बबडी मागे सरली. सुट्टीतलं नाटक दोन दिवसांवर आलं होतं आणि बाल्कनीत तालीम जोरात चालली होती. दिग्दर्शक अर्थातच बबडीची मोठी बहीण, भोचकी! सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

"थांब रे!" ती ओरडली. "बबडे, कालची मिशी पुसली नाहीस?"

"पुसली की! साबणाने! पण फार आग होतेय गं ताई. आई म्हणाली, उन्हाने झालं."

भोचकीने वाकून पाहिलं. रंग गेला होता, पण ओठावर लालभडक पुरळ उठलं होतं. तेही थेट मिशीच्या आकाराचं, दोन्ही टोकांना झोकदार पीळ!

"ऊन काय पीळ देऊन लागतं? ढब्बू, गाल दाखव तुझा!"

ढब्बूने काल गालावर तलवारीचा वार रंगवला होता. तिथेही लाल रेघ! भोचकीने मात्र काहीच रंगवलं नव्हतं, आणि ती ठणठणीत होती. तिघांनी एकदमच त्या पेनाकडे पाहिलं.

द्राक्षाच्या वासाचं ते नवं कोरं पेन मावशीने आणलं होतं. मावशी पेनांच्या कारखान्यात शाई तपासायची. आणि आज दुपारी तर पेनांची खोकी ट्रकमधून दुकानांत जाणार होती!

"पळा!" भोचकी म्हणाली.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत बबडीचा ओठ पाहून मावशीचा चेहराच उतरला.

"शाई लवकर वाळावी म्हणून यात एक रसायन आहे. लिहिताना बोटाला लागेल तेवढ्याने काही होत नाही. मी तेवढंच धरून चालले गं. तासन् तास ओठावर कोण ठेवेल?"

"मिशीवाले ठेवतील!" ढब्बू म्हणाला.

"आणि वास द्राक्षाचा! शेजारचा छोटू तर चाटूनच बघेल," भोचकी म्हणाली.

मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेली. मुलं दाराशीच उभी राहिली.

"ट्रक थांबवू? एवढ्याशा पुरळासाठी?" साहेब खेकसले. "पेन कागदासाठी असतं! तोंडाला कोण लावतं? काहीतरीच!"

मावशी हिरमुसून बाहेर आली. भोचकी तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. मावशी आधी दचकली, मग गालात हसली. तिने एक रिकामं, स्वच्छ पेन घेतलं आणि त्यात जांभळा खायचा रंग आणि द्राक्षाचा इसेन्स भरला.

भोचकी ते पेन आणि मोठा कागद घेऊन आत शिरली. "साहेब, तुमचं अक्षर फार सुरेख आहे म्हणे! आमच्या नाटकाला छानसं नाव सुचवून लिहून द्याल?"

साहेब विरघळलेच! त्यांनी दातांनी टोपण उपसलं. "वा! द्राक्ष!" म्हणत पेन हुंगलं. नाव काही सुचेना, तसे ते छताकडे बघत पेनाचं टोक ओठांवर टपटप आपटू लागले. ढब्बूने हसू दाबायला स्वतःचा हात चावला.

"साहेब, जरा आरशात बघता?" भोचकी अदबीने म्हणाली.

साहेबांनी पाहिलं. ओठ जांभळेगर्द! "अरे देवा! पाणी आणा! डॉक्टरांना बोलवा! आग होतेय मला!"

"घाबरू नका. यात नुसता खायचा रंग आहे," बबडीला घेऊन आत येत मावशी म्हणाली.

साहेब मटकन खुर्चीत बसले. कपाळावर घाम आला होता. समोर बबडी उभी होती, खरंखुरं पुरळ घेऊन. त्यांनी पुढे वाकून तिचा ओठ नीट पाहिला.

मग ते उठले आणि खिडकीतून ओरडले, "ट्रक थांबवा! सगळी खोकी खाली उतरवा!"

मावशीने भोचकीला जवळ ओढलं. "मी शाई तपासली, पण मुलं तिचं काय काय करतील याचा विचारच केला नाही. शाब्बास गं! आज तू माझी चूक सावरलीस. आता शाई बदलायची, आणि आधी तुम्हाला विचारायचं!"

साहेब बबडीसमोर गुडघ्यांवर बसले. "चुकलं माझं, बाळा."

"असू दे," बबडी मोठ्या मनाने म्हणाली. "पण आधी तोंड धुवा. बाहेर सगळे हसतील तुम्हाला!"