उचलू नकोस

त्या गुरुवारी मी पोस्टात रांगेत उभी होते. हातात एक पाकीट, पाकिटात माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. ही तिसरी. आधीच्या दोन रजिस्टरने पाठवल्या होत्या, त्यांच्या पोचपावत्याही आल्या होत्या, पण फोन काही थांबले नव्हते.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, गुलाबी हिरडी शिजवते, घासून चकचकीत करते आणि परत धाडते. सव्वीस वर्षं हेच करतेय. पुढच्या खोलीत माझं टेबल आणि घासायची मोटर, मागच्या खोलीत भाऊ राहायचा. त्याचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि मोडलं. दोघांचं बरं चाललं होतं. तो छपाईची कामं घ्यायचा. एक जुनं मशीन घेण्यासाठी त्याने एका कंपनीकडून कर्ज काढलं, आणि अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून माझा नंबर लिहिला. जामीन नाही, नुसती ओळख. मला विचारलंही नाही. लहानपणापासून त्याची एकच रीत होती. काच फोडली, ताई बघेल. फी राहिली, ताई बघेल.

आठ महिन्यांपूर्वी दुपारी छापखान्याच्या जिन्यात तो कोसळला. एक्केचाळीस वर्षांचा. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्या दिवशी त्या कंपनीचा वसुलीसाठी पहिला फोन आला.

सुरुवातीला मी रडत रडत सांगायचे, की तो गेला हो. पलीकडचा माणूस म्हणायचा, ‘ठीक आहे, हप्ता कधी भरताय?’ फोन सकाळी पावणेआठला सुरू व्हायचे, दिवसभर चालायचे. दर वेळी नवा नंबर, नवा आवाज. एकाने माझ्या वयाची चौकशी करून घाणेरडं काहीतरी म्हटलं. दुसऱ्याने सरळ मला काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनाच फोन लावला आणि सांगितलं, ती बाई बुडवी आहे, तिला काम देऊ नका. डॉक्टर भला माणूस. त्यांनी मला काम दिलं, पण देताना माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर एका म्हाताऱ्या बाईंची कवळी माझ्या हातून दुभंगली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मात्र मी रडणं सोडलं. एक वही केली. तारीख, वेळ, नंबर, कोण काय बोललं, शब्द न् शब्द. खालच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमची सही नाही, तुम्ही काही देणं लागत नाही, आणि असा छळ करायला त्यांना बंदी आहे. घाबरायचं त्यांनी, तुम्ही नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फोन उचलायचे आणि आधी समोरच्याचं नाव विचारायचे. निम्मे जण तिथेच फोन ठेवून द्यायचे.

तर त्या गुरुवारी, पोस्टाच्या रांगेत, पुन्हा फोन वाजला. मी वही उघडली. या वेळी एक मुलगी होती, आवाज दमलेला, पण सभ्य. मी तिला तेच सांगितलं. दाखला दोनदा पाठवलाय, तिसरा माझ्या हातात आहे.

ती हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही सारखं असं का सांगता? ते तर फोन उचलतात.”

“कोण उचलतं?”

“तुमचे भाऊ. मी आज सकाळीच बोलले. म्हणाले, ताई बघेल.”

माझ्या पुढची बाई खिडकीपाशी पोचली होती. मी रांगेतून बाहेर पडले.

घरी आले, कपाट उघडलं. त्याचा फोन मी मऊ कपड्यात गुंडाळून ठेवला होता. जिन्यात पडताना त्याची काच फुटली होती आणि मागची बाजू आत दबली होती. मी बटण दाबून धरलं. काहीच नाही. नंबर बंद करावा हे मला सुचलंही नव्हतं, कार्ड तसंच आत होतं. पण तो फोन मेलेला होता. मी तो छातीशी धरून थोडा वेळ बसले. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. कुणीतरी माझ्या भावाच्या आवाजात माझी चेष्टा करत होतं, आणि तो कोण ते मला बघायचं होतं.

पाकीट, वही आणि तो फोन पिशवीत टाकून मी त्या कंपनीच्या वसुलीच्या कचेरीत गेले.

चौथा मजला. खिडक्यांना काळा कागद लावलेला, त्यामुळे भर दुपारी आत ट्यूबलाइट. लांबच लांब टेबलं आणि कानाला यंत्रं लावलेली पोरंपोरी. खोलीत एक सलग गुणगुण. नीट कान दिला की कळायचं, ती सगळी नावं आहेत. प्रत्येक जण कुणाचं तरी पूर्ण नाव घेत होता, थांबत होता, पुन्हा घेत होता.

मला हटकायला एक साहेब आला. मी वही उघडून त्याच्यासमोर धरली आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला लागले. ते घाणेरडं वाक्य आल्यावर आजूबाजूची गुणगुण थांबली. साहेबाने मला घाईघाईने एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि त्या मुलीला बोलावलं. विशीतली असेल. डोळ्यांखाली काळं.

मी म्हटलं, सकाळचं बोलणं मला ऐकवा. सगळे फोन नोंदवून ठेवता ना?

तिने तिचं यंत्र माझ्या कानाला लावलं. आधी आपोआप नंबर लावणाऱ्या मशीनच्या आवाजात भावाचं पूर्ण नाव आलं. मग त्याने ‘हां’ म्हटलं.

आवाज त्याचाच होता. नक्कल एक वेळ आवाजाची करता येईल, पण बोलण्याआधी नाकाने श्वास ओढायची त्याची सवय कोण करेल? आणि त्याच्या मागे, थोडं लांबून, आणखी एक आवाज येत होता. घर्रर्र, मध्येच एक उचकी, पुन्हा घर्रर्र. माझी मोटर. तिचं बेअरिंग गेलंय, म्हणून ती अशी अडखळते. तो फोन सकाळी साडेनऊचा होता, आणि तेव्हा मी तिच्यावर एक वरची कवळी घासत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मी एकटी होते. निदान मला तसं वाटत होतं.

मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. “पाणी देऊ?”

मी म्हटलं, पहिल्यापासून ऐकव.

एकोणीसशेच्या वर फोन होते. तिने मधलेमधले लावले. पहिल्या महिन्यात तो हसत होता, थापा मारत होता, पुढच्या सोमवारी नक्की म्हणत होता. तिसऱ्या महिन्यात हसणं गेलं. पाचव्यात तो विचारत होता, अहो, इतक्या वेळा का बोलावता? आणि गेल्या आठवड्यातल्या एका फोनवर, मशीनने नाव घेतल्यावर, बराच वेळ नुसता श्वास. मग अगदी बारीक आवाजात, “दमलोय हो... जरा झोपू द्या ना...”

मला सगळं लख्ख कळलं. माणूस निघालेला असतो, आणि कुणी मागून नाव घेऊन हाक मारली की थांबतो, वळून बघतो. याला दिवसातून आठ वेळा हाक मारत होते. गेले आठ महिने. बिचारा उंबरठ्यापर्यंत जात होता आणि परत येत होता.

“आत्ता लाव,” मी म्हणाले.

मुलीने साहेबाकडे बघितलं. साहेब म्हणाला, हे नियमात बसत नाही. मी वहीचं दुसरं पान उघडलं. त्याने मुलीला खूण केली.

तिने नंबर लावला. मी पिशवीतून तो फुटका फोन काढून टेबलावर ठेवला. कानात घंटी वाजत होती. टेबलावरचा फोन निपचित पडला होता, ना उजेड, ना थरथर. चौथ्या घंटीला त्याने उचलला.

“हां...”

“मी आहे.”

मागे आता मोटर नव्हती. आमच्या स्वयंपाकघरातला नळ तेवढा टपकत होता.

“ताई... कुठेयस तू? मी घरभर शोधतोय. हे लोक सारखे हाका मारतात गं. तू देऊन टाक ना एकदाचं.”

आयुष्यभर त्याने ‘देऊन टाक’ म्हटलं आणि मी देत आले. त्यामुळेच तो असा राहिला, हेही मला त्या क्षणी कळत होतं.

“नाही देणार,” मी म्हणाले. “देणं उरलेलंच नाही. नीट ऐक. आठ महिन्यांपूर्वी तू छापखान्याच्या जिन्यात पडलास. मी आले तेव्हा तुझे हात गार झाले होते. शाई तशीच होती बोटांना. मी पुसली.”

नळ टपकत राहिला.

“मला कुणी... सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“चुकलंच माझं. सगळ्या जगाला सांगत सुटले, तुला सांगायचं राहिलं. आता सांगितलं. यापुढे फोन वाजला तर उचलू नकोस. कुणीही नाव घेऊन हाक मारली तरी थांबू नकोस.”

“तू मारलीस तरी?”

मुलीने माझा हात धरला होता, तिची बोटं बर्फासारखी गार पडली होती.

“मी मारली तरी.”

त्याने नाकाने श्वास ओढला. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण नळाचं टपकणं थांबलं आणि मग काहीच राहिलं नाही, फोनची खरखरसुद्धा नाही.

त्यानंतर साहेब म्हणायला लागला की नंबर यादीतून काढायचा अधिकार वरच्यांना आहे, अर्ज करा, पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं, मी बसते. आणि बसले. दोन वाजले, चार वाजले. पोरंपोरी डबे खाऊन आली. कुणी माझ्यासमोर कुणाचं नाव मोठ्याने घेईना. साहेबाने तीनदा वरती फोन केला. सहा वाजता त्या मुलीने पडदा माझ्याकडे वळवला आणि माझ्यादेखत तो नंबर, ते नाव, सगळं पुसलं. माझाही नंबर पुसला. तसं लिहून, शिक्का मारून दिलेला कागद मी घेतला, दाखल्याचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आले. मागची खोली झाडली, खिडकी उघडी ठेवली, आणि जेवून झोपले. सकाळी पावणेआठला मला आपोआप जाग आली. काही वाजलं नाही.

तेव्हापासून मी त्याला हाक मारलेली नाही. कधीकधी ओठांवर येते. गिळते.

दोन महिने असे शांततेत गेले. डॉक्टर पुन्हा माझ्याकडे बघून बोलायला लागले. मोटरचं बेअरिंग मी बदलून घेतलं.

मग परवा त्या मुलीचा फोन आला, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. माझा नंबर तिने त्या संध्याकाळी मागून घेतला होता. तिने ती नोकरी सोडली होती. म्हणाली, मॅडम, तुम्ही गेल्यावर मला राहवेना. ज्यांच्या घरून मृत्यूचे दाखले आले होते आणि आम्ही नुसते फायलीत लावले होते, तेवढे नंबर मी काढले. सतरा निघाले. त्यांनाही सांगावं म्हणून एका दुपारी एकेक करून लावले.

“मग?”

“अकरा जणांनी उचलला.”

ती म्हणाली, सगळ्यांत शेवटी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, त्या समजावून सांगणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना द्या. मी शपथेवर सांगते मॅडम, मी तुमच्याबद्दल कुणाला एक अक्षर बोललेले नाही. तुमचा नंबरही दिलेला नाही.

काल दुपारी मी साचा ओतत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मी हात पुसले, वही ओढली, तारीख आणि वेळ लिहिली. मग उचलला.

पलीकडे कुणीतरी खोकलं. मग अगदी अदबीने, अडखळत विचारलं, “बाई... जरा सांगाल का... आज वार कोणता?”

त्याच्या मागे, लांबून, आणखी पुष्कळ जण आपापली पाळी यायची वाट बघत उभे असल्यासारखी कुजबुज होती.