विनोदबंदी

दुपारी दोन वाजता इचलकरंजीच्या डायलिसिस केंद्रातली आठही रक्तशुद्धी यंत्रं घुमत होती आणि आठही खाटांसमोरच्या पडद्यांवर रंगराव शिनगारे रुग्णांना हसवत होते. खरे रंगराव दाराशी चपला काढत होते. त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही.

पडद्यावरचा तो त्यांचा प्रतिनट. रंगरावांच्या चाळीस वर्षांच्या सिनेमांवरून संगणकानं घडवलेला. समोरच्याचा श्वास मोजून कुठल्या वाक्याआधी किती थांबायचं हे तो ठरवी, म्हणून त्याचा एकही विनोद वाया जात नसे. वर्षाला तीन सिनेमे करी, शिवाय हे खाटेसमोरचे खेळ. त्याच्या कमाईवरच हे मोफत केंद्र चाले.

या केंद्रासाठी आपला चेहरा आणि आवाज देण्याचं हे दान रंगरावांनी हौसेनं केलं होतं. करार वाचताना वकिलांचे चेहरे सुतकी दिसले, आणि सुतकी चेहरा दिसला की रंगरावांची जीभ वळवळायचीच. "असंही लिहा," ते म्हणाले होते, "की हा म्हातारा पुन्हा चारचौघांत विनोद करणार नाही!" सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी ते कलम खरोखरच लिहून आलं. प्रतिनट बनवणाऱ्या कंपनीला ते फार पटलं होतं. बाजारात दोन रंगराव कशाला? रंगरावांनी हसत हसत सही ठोकली. आता कलम मोडलं तर प्रतिनट बंद, आणि त्याच्यामागोमाग यंत्रंही बंद.

बायको गेल्यावर घर खायला उठलं. हसवल्याशिवाय माणसांशी बोलतात कसं, हे या गृहस्थांना ठाऊकच नव्हतं, म्हणून ते बोलणंच टाळू लागले. आज अगदीच राहवेना, तेव्हा एसटी पकडून ते इथे आले होते.

तिसऱ्या खाटेवरच्या मनीषा खाडेंनी पडदा बंद केला.

"अवो, तुम्ही रंगरावच न्हवं? या की, बसा. येक कायतरी म्हणा. तुमच्या तोंडनं ऐकू दे."

विनोद जिभेवर आलासुद्धा. पण खाटेच्या उशाशी, हसू मोजून कंपनीला कळवणाऱ्या उपकरणाचा दिवा लुकलुकत होता. रंगरावांनी ओठ आवळले.

"मला बंदी आहे, ताई. मी विनोद केला तर तुमचं हे यंत्र थांबेल."

मनीषाताईंनी त्यांना क्षणभर न्याहाळलं.

"हसवायला त्यो हाय की. तीन वर्षं झाली, मी हितं पोट दुखंस्तवर हसती आणि घरी जाऊन रडती. त्येला काय सांगाय गेलं की लगेच इनोद करतोय. तुम्हाला बंदी हाय न्हवं? मग बरंच झालं. बसा."

रंगराव स्टुलावर बसले. मनीषाताई लेकीबद्दल बोलू लागल्या. ती वर्षभर आली नव्हती. दोनदा रंगरावांची जीभ सवयीनं वळवळली, दोनदा त्यांनी विनोद गिळला. बोलता बोलता मनीषाताई थांबल्या.

"आणि दादा, तुमच्या घरी कोण असतंय?"

या प्रश्नावर हमखास हशा घेणारं एक उत्तर ते आयुष्यभर देत आले होते. ते द्यायचं नसेल, तर खरं उत्तर सुरू कुठून करायचं असतं?