खेचराकडे बघणारा गनर

इंदिरानगरच्या कुरिअरच्या दुकानात सृष्टीच्या पुढे एक मुलगा खोकं घेऊन उभा होता. बाहेर नोव्हेंबरातला, कुणालाच नको असलेला पाऊस पडत होता. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मुलगा म्हणाला, सैनिक. त्या माणसाने मान वर करून पाहिलं, तेव्हा मुलगा घाईने सांगू लागला की खेळण्यातले आहेत, म्हणजे खेळणी नव्हेत, लोक जमवून कपाटात ठेवतात तसले... आणि तो सांगत असतानाच ओल्या खोक्याचा तळ सुटला. सैनिक फरशीभर झाले.

सृष्टीही वेचायला बसली. एक शिपाई तिने हातातच ठेवला. बोटाएवढा होता. पट्ट्याचं बकल, बुटांच्या नाड्या, खिशाची शिवण, सगळं जागच्या जागी. फक्त चेहऱ्याशी आल्यावर तिला हसू आलं.

"डोळे कुणी काढले?"

"मी," तो म्हणाला. "का?"

"एक दाराकडे बघतोय. एक छताकडे."

"टेहळणीवर आहे तो."

ती मोठ्याने हसली. तोही हसला, पण कान लाल झाले होते. खोक्याला चिकटपट्टी लावताना त्याने तिला विचारलं, तुम्हाला हे बरं जमतं का. ती म्हणाली, जमतं.

तिला खरंच जमत होतं. तिचे वडील, खंडेराव, वणीला गणपतीचे मूर्तिकार. मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. ते काम कारखान्यात कुणाच्याही हाती देत नाहीत. सृष्टीचा हात लहानपणापासून स्थिर, म्हणून आखणी तिच्याकडे आली. चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करायला ती नाशिकला आत्याकडे राहिली होती. कोर्स संपला होता, नोकरी लागायची होती. वेळ होता.

मुलाचं नाव तुषार. त्याने कार्ड दिलं होतं. सृष्टीने ते पर्समध्ये ठेवलं, दोनदा बाहेर काढलं आणि मग सरळ पत्त्यावर गेली.

घर जवळच होतं. मागच्या पडवीत तुषारचा कारखाना. एका टेबलावर रबराचे साचे, दुसऱ्यावर रंग आणि मधे भिंग लावलेला दिवा. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. सावळीराम तोफखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर स्वयंपाक तेच करत. त्यांनी सृष्टीला चहा दिला आणि तुषार बाजारातून येईपर्यंत घरातली सगळी हकिगत सांगून टाकली.

तुषार दर थोड्या महिन्यांनी सैनिकांचा एक नवा संच काढायचा. पुण्या-मुंबईकडचे, काही परदेशातले लोक ते घेत. त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे आधी फोटो टाकायचा, मग नावनोंदणी. पण अलीकडचे संच पडून राहिले होते. तामिळनाडूतल्या होसूरच्या एका कंपनीने त्याला साच्यांच्या विभागात नोकरी देऊ केली होती, नव्या वर्षात रुजू व्हायची. तुषारने वडिलांना सांगून ठेवलं होतं, हा आणखी एक संच. लोकांनी घेतला तर इथेच राहीन. नाही घेतला तर होसूर.

"लय लांब आहे गं ते," सावळीराम म्हणाले. "मी नकाशात बघितलं."

तो संच सावळीरामांच्याच नोकरीतला होता. डोंगरात तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर चढवत. तशी एक चढणीची वाट, खेचराच्या पाठीवर तोफेचं चाक, आणि पुढे वाटेच्या वरच्या टोकाला दोर धरून उभा गनर, म्हणजे तोफेवरचा शिपाई, समोर शिखराकडे बघणारा. खेचराचं नाव मैना. सावळीरामांनी सांभाळलेल्या खेचराचं हेच नाव होतं, आणि तुषारने त्यावर वाद घातला नव्हता.

तुषार आला. सृष्टीला पडवीत बघून त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. ती म्हणाली की ती गनरांचे डोळे काढायला आली आहे. तो म्हणाला, पैसे फारसे देता येणार नाहीत. ती म्हणाली, ते नंतर बघू. आधी ब्रश दाखवा, आहे त्याने तर म्हशीलाही रंग देता येईल.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी येऊ लागली. डोळ्याचा ठिपका ठेवताना श्वास रोखायचा असतो. ती श्वास रोखायची तेव्हा शेजारी बसलेला तुषारही रोखायचा. तिने एकदा त्याला विचारलं की तुम्ही कशाला थांबता. तो म्हणाला, हवा हलू नये म्हणून.

"मग जरा लांब बसा," ती म्हणाली.

तो बसला नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

पावसाने रंग लवकर वाळत नव्हते. वाळेपर्यंत गप्पा व्हायच्या. तिला कळलं की त्याला गोड खायला आवडतं आणि तो ते लपवतो. त्याला कळलं की ती रस्ता ओलांडताना घाबरते आणि ते लपवते. मग संध्याकाळी तो तिला चौक ओलांडून द्यायला येऊ लागला. वाटेत मिठाईचं दुकान होतं. दोघंही या सोयीबद्दल काही बोलली नाहीत.

सगळे गनर तयार झाले. फळीवर ओळीने उभे केले तेव्हा छान दिसले. सावळीराम सकाळी फळीपुढून जाताना थबकायचे, आणि नकळत त्यांचे हात जोडले जायचे. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तुषारने फोटो ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने पहिलं उत्तर आलं.

"हा तोफ डागणार आहे की प्रसाद वाटणार?"

दुसऱ्याने लिहिलं की याच्या हातात दोराऐवजी मोदक पाहिजे. मग हसण्याची चित्रं आली. आधी शब्द दिलेले काहीजण म्हणाले, या वेळी नको.

तिघं फळीपुढे उभी राहिली आणि तेव्हा त्यांना दिसलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. नजर खाली, समोर उभ्या असलेल्या माणसावर ठेवलेली. शांत, मायेची. गणपती मखरात उंच बसतो, म्हणून त्याची नजर खाली भक्तावर काढतात. सृष्टीचा हात आयुष्यभर तेच काढत आला होता. आणि बाकीचे दोघे आयुष्यभर तसल्याच डोळ्यांपुढे हात जोडत आले होते, म्हणून त्यांनाही ते बरोबर वाटलं होतं.

"म्हणून मी नमस्कार करत होतो होय," सावळीराम म्हणाले.

सृष्टीने एक गनर उचलला आणि सांगितलं की ती सगळे चेहरे पुसून पुन्हा रंगवेल. तुषार म्हणाला, राहू दे. चेहरा पुसायला गेलं की नाकाची धार जाते. आणि आता लोक हसले ते हसले. तो होसूरला येतो म्हणून कळवून टाकणार होता.

सृष्टीने गनर खाली ठेवला.

"तुला जायचं असेल तर जा. माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस."

तुषार तिच्याकडे बघत राहिला. "मला 'तू' म्हणालीस."

"मग? भांडताना अहो-जाहो करू?"

ती घरी निघून गेली. त्या दिवशी चौक तिने एकटीने ओलांडला.

तुषार पडवीतच बसून राहिला. सावळीराम बाहेर आले आणि कांदा चिरायला बसले. म्हणाले, तुझी आई होती तेव्हा मी फार बोलायचो नाय. घरातच आहे, जाते कुठं, असं वाटायचं. आता रोज तीन ताटं घेतो आणि एक परत ठेवतो.

"बोलायचं ते माणूस समोर आहे तोवर बोलावं," ते म्हणाले. "होसूरहून फोन करून नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुषार बाहेर पडायच्या तयारीत होता, तेवढ्यात सृष्टीच आली. चप्पल काढता काढता तिने सांगितलं की एक गनर वाया गेला तरी चालेल, ती सरळ नजर काढून बघणार आहे. पण सरळ नजर कशी असते ते बघून काढावं लागेल. तिने टेबलाशी बसून त्याला पुढ्यात उभं केलं, खांद्यावर दोर दिला आणि शिखराकडे बघायला सांगितलं.

"खाली काय बघतोस? समोर बघ."

"समोरच बघतोय."

"समोर भिंत आहे. मी खाली बसलेय."

"हो... कळतंय मला."

तिने ब्रश धुतला, पुन्हा वर पाहिलं. तो अजून तसाच. पापण्या अर्ध्या खाली, नजर तिच्यावर, चेहरा असा की आता याच्याकडे काहीही मागितलं तरी देईल. तिने फळीवरच्या गनरांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा गनरांकडे.

"हलू नकोस," ती म्हणाली. "डोळे चुकलेले नाहीत."

"म्हणजे?"

"तो चुकीच्या बाजूला तोंड करून उभा आहे. वर काय आहे त्याला बघायला? नुसता दगड. त्याला फिरव. चढणीच्या टोकाला उभा आहे, खालून मैना ओझं घेऊन येतेय. तो वळून तिच्याकडे बघतोय. पोचते ना नीट, म्हणून."

तुषारने गनर हातात घेतला, उलट दिशेला वळवून वाटेवर धरला. नजर बरोबर खेचराच्या डोळ्यांवर पडली. मग हळूच म्हणाला,

"म्हणजे आत्ता तू बसली आहेस, तिथे खेचर."

"तुला एवढंच कळलं का यातून?"

"नाही. सगळं कळलं."

तिने मान खाली घातली आणि ब्रश पुसत बसली. तो ब्रश मघाशीच स्वच्छ झाला होता.

सावळीरामांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, असंच बघावं लागायचं. चढावर जनावराला मागे सोडून पुढे जाता येत नाय.

काम सोपं नव्हतं. गनरच्या बुटांत तारेच्या खुंट्या होत्या, त्या खालच्या बैठकीतल्या भोकांत बसवलेल्या. सगळे उपटायचे, जुनी भोकं लांबी भरून बुजवायची, घासायची, नवी पाडायची, पुन्हा मातीचा रंग. काही खुंट्या मोडल्या. सृष्टीच्या बोटांना फोड आले, तिने पट्टी लावून काम चालू ठेवलं. तुषारने थांब म्हटलं की ती पुढचा गनर ओढायची. आत्याचा फोन आला की इतका वेळ तिथे काय करतेस. तिने सांगितलं, घोडदळाची कामं आहेत. तुषार म्हणाला, घोडदळ नाही, तोफखाना. ती म्हणाली, आत्याला चालतं.

संच पुरे झाले तेव्हा ऊन पडलं होतं. तुषारने अंगणात उजेडात फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. या वेळी खाली काही समजावून लिहिलं नाही. नुसतं नाव दिलं: मैना आणि तिचा गनर.

बराच वेळ काहीच आलं नाही. सृष्टी डबे घासत बसली, जे तिचं काम नव्हतं. मग प्रसादावरून हसणाऱ्याच माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, माझे दोन ठेवा. एक मी घेतो, एक माझ्या भावाला, तो होता डोंगरात. त्यानंतर फोन थांबेना. जे नको म्हणाले होते ते परत आले, त्यांच्यामागे नवे. संध्याकाळपर्यंत तयार होते त्याहून जास्त लोकांनी नावं दिली आणि तुषारने पुन्हा साचे काढले.

तुषारचे दोन्ही हात साच्यात ओतायच्या रेझिनने भरलेले असताना होसूरच्या कंपनीचा फोन आला. सृष्टीने फोन उचलून त्याच्या कानाला धरला. ती इतकी जवळ उभी होती की पलीकडच्या बाईंचा आवाज तिलाही ऐकू येत होता. त्या विचारत होत्या, तुम्ही नक्की कधी रुजू होताय.

"मी येत नाहीये," तुषार म्हणाला. "तुमचा वेळ घेतला, माफ करा."

त्यांनी कारण विचारलं. नोंद करावी लागते म्हणाल्या. त्याने सृष्टीकडे पाहिलं.

"नाशिकमध्ये लग्न करायचं आहे," तो म्हणाला.

त्यांनी अभिनंदन केलं. सृष्टीने फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला.

"कुणाशी?" तिने विचारलं.

"तिला... अजून विचारलं नाही."

"कंपनीला आधी सांगितलंस."

"त्यांचा फोन आला ना आधी."

"मग आता विचार."

त्याच्या हातांवरचं रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं. पुसायला जावं तर ही वेळ जाईल. त्याने हात तसेच पुढे धरून ठेवले.

"सृष्टी, माझ्याशी लग्न करशील? मला तुझ्याशिवाय इथे राहायचं नाही. होसूरलाही नाही. कुठेच नाही."

तिने फडकं घेतलं, थिनरमध्ये बुडवलं आणि त्याचं एकेक बोट पुसायला लागली. अंगठ्यापासून सुरुवात केली. दोन्ही हात स्वच्छ होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

"रविवारी वणीला जाऊ," मग ती म्हणाली. "बाबांना मी सांगेन. तू फक्त शेजारी उभा राहा. आणि गणपतीच्या दिवसांत मी तिकडेच असणार, आखणीला. ते मी सोडणार नाही."

"मीही येईन. मातीपाशी, साच्यांपाशी, कुठेही उभं करा."

"बाबा मातीची पोती उचलायला लावतील."

"उचलीन."

आतून सावळीरामांनी हाक दिली, जेवायला या, भाकरी गार होतात. ती दोघं आत गेली. ओट्यावर सावळीरामांनी तीन ताटं मांडली होती, आणि वाढायला सुरुवातही केली होती.